बोरीचा पूल ओलांडल्यानंतर

गुरुजी : सुभेदारसाहेब, हे तुमच्या तोंडून ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं. उभी हयात वर्दीत काढलेला माणूस म्हणतो, फौजेनं हैदराबाद सावरलं हे अर्धंच खरं. आमच्या घरात ते पूर्ण खरं आहे. वडील तेव्हा नऊ वर्षांचे. गाव नळदुर्गाच्या अलीकडचं, पण निजामाच्या हद्दीतलं. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धास्तीनं आजी तीन लेकरं घेऊन सोलापुरात आली आणि चाळीतल्या एका खोलीत दोन कुटुंबं राहिली. १३ सप्टेंबर १९४८ला पहाटे सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं रणगाडे निघाले. बोरी नदीवरचा पूल निजामाच्या माणसांनी उडवायच्या आत आपल्या फौजेच्या हाती आला आणि पाचव्या दिवशी, १७ तारखेला, निजामानं हार मानली. आठवड्याभरानं आजी परतली, तर परसातल्या आडात टाकलेली तांब्याची घागर तशीच सापडली. तिनं ती घासून देवळीत ठेवली, पाण्याला कधी वापरली नाही. जनरल जयंतनाथ चौधुरींनी सोलापूरकडच्या फौजेचं नेतृत्व केलं, तेच लष्करी गव्हर्नर झाले. पंधरा महिने कारभार पाहिला आणि डिसेंबर १९४९ संपताना उठून गेले. लढाई जिंकली, राज्य चालवलं, परत केलं. यात अर्धं काय आहे, ते सांगा.

सुभेदार : घागरीबद्दल माझं काही म्हणणं नाही. रझाकार हा खरा जाच होता आणि तो मोडायला बंदूकच लागली, हेही मान्य. मला खटकतो तुमचा एक शब्द, ‘परत केलं’. चौधुरीसाहेबांनी राज्य कुणाला परत केलं? जानेवारी १९५० मध्ये मुख्यमंत्री म्हणून बसले ते वेलोडी, म्हणजे दिल्लीनं नेमलेले सनदी अधिकारी. लोकांनी निवडलेलं बर्गुल रामकृष्ण राव यांचं सरकार आलं मार्च १९५२ला. म्हणजे तुमची आजी गावी परतली त्यानंतर साडेतीन वर्षं तिच्या मताला विचारणारं कुणी नव्हतं. आणि दुसरं. चौधुरी गेले ते मनानं थोर होते म्हणून गेले, असं आपण पोरांना शिकवतो. ते थोर असतीलही. पण ते गेले कारण त्यांच्या डोक्यावर सरदार पटेलांचं संस्थान खातं होतं, हाताखाली डी. एस. बखल्यांसारखे मुलकी अधिकारी होते, आणि दिल्लीत घटना समिती बसलेली होती. हुकूम आला, बदली झाली. मीही असाच गेलो की ओ, बारा वेळा. बदलीचा कागद आला की वळकटी बांधायची. त्याला त्याग म्हणत नाहीत.

गुरुजी : मग तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. फौज आली, शिस्तीत राहिली, शिस्तीत गेली.

सुभेदार : नाही गुरुजी, फरक आहे. तुम्ही म्हणता फौजेनं स्थैर्य दिलं. मी म्हणतो, स्थिर असलेल्या मुलकी सत्तेनं फौजेकडून एक काम करून घेतलं. काम तेच, पण श्रेय कुणाच्या नावावर टाकायचं, यावर पुढचं सगळं ठरतं. शेजारी बघा. १९५३ च्या मार्चमध्ये लाहोरात अहमदियांविरुद्ध दंगली उसळल्या आणि जनरल आझम खान यांच्याकडे शहर सोपवलं. मार्शल लॉ. साधारण सत्तर दिवस. दंगल थांबली, रस्ते झाडले गेले, लोक खूश झाले, आणि मे महिन्यात फौज बराकीत गेलीसुद्धा. तुमच्या हिशेबानं तेही आदर्शच. पण लाहोरकर एक गोष्ट शिकले, की मुलकी माणसाला जे जमत नाही ते जनरलला जमतं. आणि जनरलही ते शिकले. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९५८ मध्ये, अध्यक्ष इस्कंदर मिर्झांकडे राजीनामा मागायला जे जनरल गेले, त्यांत हेच आझम खान होते.

गुरुजी : तो पाकिस्तान. तिथं मुस्लिम लीग बळकटच नव्हती, घटना व्हायला नऊ वर्षं लागली.

सुभेदार : तेच सांगतोय! फरक फौजेत नव्हता. दोन्हीकडचे अफसर एकाच मुशीतले, सँडहर्स्टचे नाहीतर डेहराडूनचे, एकाच मेसमध्ये जेवलेले. फरक होता तो फौज परतताना दारात कोण उभं होतं यात. बर्मात यू नूंनी १९५८ मध्ये स्वतःच ने विन यांना काळजीवाहू सरकार चालवायला बोलावलं. ने विननी १९६०ला निवडणूक घेतली, हरलेल्या बाजूची भीड ठेवली नाही, सत्ता परत दिली. जगानं कौतुक केलं. २ मार्च १९६२ला तेच परत आले, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या कुणी गेलं नाही. एकदा परत करणं हा पुरावा नव्हे.

गुरुजी : थांबा. दारात कोण उभं होतं म्हणता, तर हैदराबादच्या दारात १९४८ला कोण उभं होतं ते मी सांगतो. स्टेट काँग्रेसमध्ये दोन तट. स्वामी रामानंद तीर्थांचा एक, बर्गुलांचा दुसरा. नळगोंडा-वारंगळकडे कम्युनिस्टांची सशस्त्र लढाई चालू, ती पुढं १९५१च्या ऑक्टोबरपर्यंत मिटली नाही. मतदार याद्या नाहीत, प्रौढ मतदानाची कुणाला सवय नाही, खेड्यातला पाटील-देशमुख सांगेल ते. अशा वेळी १९४८च्या ऑक्टोबरात सत्ता द्यायची कुणाला? जो सगळ्यात मोठ्यानं ओरडेल त्याला? पंधरा महिने कुणीतरी भार धरून उभं राहिलं म्हणून तर पुढं तुमचं ते निवडून आलेलं सरकार बसलं. आणि त्या पंधरा महिन्यांत काय झालं ते बघा की. धाराशिवकडची कैक गावं सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाच्या खासगीतली. सारा भरायचा तो राज्याच्या खजिन्यात नाही, हुजुरांच्या खासगीत. फेब्रुवारी १९४९ मध्ये ती खासगी मोडली, ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द. एका कागदानं. निवडून आलेल्या विधानसभेत जहागीरदारांचे भाऊबंदच बसले असते आणि दहा वर्षं चर्चा झाली असती. माझ्या आजोबांच्या डोक्यावरचा जहागीरदार निवडणुकीनं नाही गेला. वर्दीतल्या माणसाच्या सहीनं गेला.

सुभेदार : हे बोचलं. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कुळांना हक्क देणारा १९५०चा कायदा वेलोडींच्या काळात आला, म्हणजे तोही न निवडलेल्यांनीच केला, हे उलट मीच तुमच्या पदरात टाकतो. एवढंच म्हणेन, की जहागिरी गेल्या त्या जनरलच्या दयेनं नाही. तेलंगणात कुळांनी जमिनी ताब्यात घेतल्या होत्या. जमिनीचं काही केलं नाही तर कम्युनिस्ट गावोगाव पोचतील, हे दिल्लीला दिसत होतं. सही वर्दीची, पण कागद लिहिला नांगर धरणाऱ्यांनी. शिवाय जहागीरदारांना भरपाईही मिळाली.

गुरुजी : भरपाई दिली म्हणूनच ते बंड करून उठले नाहीत. स्थैर्य म्हणतात ते हेच.

सुभेदार : आता मला माझं एक सांगू द्या. ईशान्येकडच्या एका जिल्ह्यात आमची कंपनी दोन वर्षं होती. पहिल्या महिन्यात लोक दाराआडून बघायचे. तिसऱ्या महिन्यात आमच्या डॉक्टरकडे लेकरं आणायला लागले, आम्हाला बरं वाटलं. सहाव्या महिन्यात एक म्हातारा पोस्टवर आला, हातात शेताचा नकाशा. बांधाचं भांडण होतं. साहेब म्हणाले, बाबा, हे तहसीलदाराकडं न्या. म्हातारा म्हणाला, तहसीलदार पैसे खातो, तुम्ही सांगाल ते तो ऐकतो. साहेबांनी तो बांध खरंच मोजून दिला. आम्ही जवानांनी साखळी धरली, मी खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या आठवड्यात अकरा माणसं नकाशे घेऊन आली. मग रेशन कार्डं, मग सोडचिठ्ठ्या. आम्ही वर्षभर जिल्हा चालवला म्हणायला हरकत नाही, आणि चांगला चालवला. पण बदली झाली तेव्हा तिथला तहसीलदार आधीपेक्षा लहान झाला होता. त्याच्याकडं कुणी जात नव्हतं. आम्ही गेल्यावर त्या बांधांच्या खुंट्या किती दिवस राहिल्या असतील? मला वाटतं, चार दिवससुद्धा नाही. तेव्हापासून फौजेनं शांतता आणली असं कुणी म्हणालं की मला तो नकाशावाला म्हातारा दिसतो.

गुरुजी : हे मी वहीत लिहून ठेवीन. पण त्या म्हाताऱ्याला तहसीलदाराकडं परत पाठवणं हा अन्यायच झाला असता ना?

सुभेदार : झाला असता. म्हणूनच ते अवघड आहे.

गुरुजी : बरं, हैदराबादमध्ये तसं झालं का? तिथं मुलकी कारभार लहान झाला का? माझ्या मते नाही. १९५२च्या निवडणुकीत काय झालं बघा. ज्या कम्युनिस्टांच्या मागं फौज तीन वर्षं रानोमाळ फिरली, त्यांच्यातले रवि नारायण रेड्डी नळगोंड्यातून लोकसभेवर गेले, ते नेहरूंपेक्षाही जास्त मतं घेऊन. आणि कुणी त्यांना अडवलं नाही. तशीच गोष्ट गोव्याची. १९ डिसेंबर १९६१ला पोर्तुगीज गेले, मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर झाले, जून १९६२ मध्ये कारभार मुलकी हातात गेला. डिसेंबर १९६३च्या निवडणुकीत दिल्लीवर राज्य करणाऱ्या काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ज्यानं फौज पाठवली तो पक्ष हरला आणि त्यानं हार मानली. परत करणं म्हणजे याहून वेगळं काय असतं?

सुभेदार : गोवा मी मान्य करतो. सहा महिन्यांत आवरलं, रक्त फार सांडलं नाही, आणि निवडणुकीत लोकांनी हवं ते केलं. हैदराबादचं मात्र तसं नाही, कारण हैदराबादचा हिशेब कुणी पूर्ण मांडलेला नाही. गैरमुल्की अधिकारी तुम्हाला आठवतात? लष्करी अंमलात मद्रास, मुंबई, मध्य प्रांतातून माणसं आणून खुर्च्यांवर बसवली. जुन्या नोकरांतल्या किती जणांचं अन्न गेलं! सप्टेंबर १९५२ मध्ये, नोकऱ्या स्थानिकांनाच द्या म्हणणाऱ्या मुल्की आंदोलनात, हैदराबाद शहरात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. निवडून आलेल्या सरकारला सहा महिने झाले होते, आणि ही ठिणगी आधीच्या अंमलातली होती. ती पुढं किती दशकं धुमसली, तेलंगणाच्या लोकांना विचारा. पण मला खरं बोलायचंय ते याहून मोठ्या गोष्टीबद्दल, आणि तुम्हाला ते ठाऊक आहे.

गुरुजी : सुंदरलाल समिती.

सुभेदार : होय. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना मिस्री. दिल्लीनं पाठवलं म्हणून नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते हैदराबाद राज्यात फिरले. त्यांचा अंदाज, त्या सप्टेंबरातल्या पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली. सगळ्यात वाईट जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड ही नावं लिहिली. काही ठिकाणी लष्कराच्या माणसांनी चिथावणी दिली, हातभार लावला, असं लिहिलं. आणि कैक ठिकाणी अफसरांनी मुसलमानांना जीव पणाला लावून वाचवलं, हेही तितकंच स्पष्ट लिहिलं. आकड्यांवर वाद आहे, असू द्या. निम्मे धरा. सरकारनं तो अहवाल छापला नाही, तो कित्येक दशकं कपाटात राहिला. आणि त्यात सोलापूरचं नाव आहे, गुरुजी. इथून आणि आसपासच्या शहरांतून शस्त्रं घेतलेली माणसं हद्द ओलांडून गेली, असं त्यांनी नोंदवलंय. त्याच रस्त्यानं. बोरीच्या त्याच पुलावरून.

गुरुजी : हे मला माहीत आहे. सत्तर वर्षं आमच्या घरात याबद्दल कुणी बोललं नाही. पण मी विचारतो ते ऐका. फौज नसती तर आकडा कमी झाला असता का? रझाकारांनी जो सूड पेरला होता, त्याचं पीक फौजेविना आलं असतं तर? ज्या गावात चांगला अफसर होता तिथं माणसं वाचली, असं तुमच्याच अहवालात आहे ना? मग उपाय जास्त फौज की कमी?

सुभेदार : चांगला अफसर होता तिथं वाचली, नव्हता तिथं नाही. मला हाच आक्षेप आहे. माणसाचा जीव कुठल्या कॅप्टनच्या वाट्याला आला यावर ठरला. याला कायदा म्हणत नाहीत. आणि ज्याची चूक झाली त्याला विचारणारी कचेरी कुठली होती? कोर्ट? त्याच्यावर लष्करी गव्हर्नरच होता. विधानसभा? नव्हती. वर्तमानपत्रं? आपल्या लोकांवर कोण लिहिणार! सरकारी कागदात तर त्या सगळ्या मोहिमेचं नाव ‘पोलीस’ ॲक्शन. जगाला सांगायला बरं म्हणून. तोफा घेऊन कुठले पोलीस जातात? पण त्या नावामुळं एक झालं, की युद्ध झालं असं आपण मानलंच नाही, आणि युद्ध झालं नसेल तर युद्धानंतर मेलेले मोजायचे कशाला?

गुरुजी : तुम्ही वर्दीवाले इतकं कडू बोलता, म्हणजे…

सुभेदार : कडू नाही ओ. मला फौजेची लाज वाटत नाही, फौजेवर माया आहे म्हणून बोलतो. वर्दीवर नको तो भार टाकला की वर्दी मळते. आणि सोलापूरच्या माणसानं तरी हे विसरू नये. आपण दोन्ही बाजूंना होतो. मे १९३० आठवा. गांधीजींना पकडलं, गिरणी कामगार रस्त्यावर आले, ८ तारखेला गोळीबार झाला, पोलीस चौक्या जळल्या, कोर्ट जळलं. साहेबानं पोलीस काढून घेतले. तीन-चार दिवस या शहरात इंग्रजांचं राज्य नव्हतं, काँग्रेसचे स्वयंसेवक चौकात उभे राहून रहदारी सांभाळत होते. मग १२ मेला मार्शल लॉ. ३० जूनपर्यंत. म्युनिसिपालटीवरचा तिरंगा उतरवला. पांढरी टोपी घातली म्हणून पोरांना शिक्षा. त्या अफसरांच्या कागदात काय लिहिलं असेल? ‘अराजक मोडून स्थैर्य प्रस्थापित केलं.’ त्यांनाही शांत रस्ता दिसला असणार, बघा. पुढच्या १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. आजही त्या चौघांच्या पुतळ्यापाशी आपण हार घालतो आणि लगेच दुसऱ्या दिवशी गड्ड्याच्या यात्रेला जातो. मग मला सांगा, १९३०ची शांत सडक आणि १९४८ची शांत सडक यांतला फरक सडकेवर उभं राहून कसा ओळखायचा?

गुरुजी : फरक आहे. आकाश-पाताळाचा आहे. एकात परकं राज्य लोकांना दाबत होतं, दुसऱ्यात लोकांना दाबणारं राज्य मोडलं गेलं.

सुभेदार : कुठल्या लोकांना?

गुरुजी : बहुसंख्य लोकांना, सुभेदारसाहेब. ऐंशी-पंच्याऐंशी टक्के लोकांना. ते काही कमी आहे का? आम्ही मुक्ती म्हणतो ते उगाच नाही. माझ्या आजीला विचारलं असतंत तर तिनं फौजेलाच मत दिलं असतं, निवडणुकीची वाट न बघता.

सुभेदार : नक्की दिलं असतं. ती चुकीची नव्हती. पण त्याच गावातल्या दुसऱ्या घरात जे ‘सुकूत’ म्हणतात, पाडाव म्हणतात, त्यांनाही विचारावं लागलं असतं. निवडणुकीत दोघांनाही विचारतात. मार्शल लॉमध्ये कुणालाच नाही. म्हणून तर फौजेचा अंमल चांगला होता की वाईट, हे त्या वेळी कळत नाही. तो उठल्यावर लोक काय बोलू शकतात त्यावरून कळतं. गोव्यात लोक बोलले. नळगोंड्यात बोलले. आपल्या बाजूच्या चार जिल्ह्यांत एक अख्खा समाज गप्प राहिला, आणि आपण त्या गप्प राहण्यालाच स्थैर्य समजत आलो. ते स्थैर्य होतं की भीती, हे मला अजून ठरवता येत नाही. कदाचित दोन्ही.

गुरुजी : मग तुमच्या मते काय करायला हवं होतं? सोपं सांगू नका. १८ सप्टेंबर १९४८ची सकाळ आहे, तुम्ही चौधुरींच्या जागी आहात.

सुभेदार : मी शिपाईगडी. एवढंच सुचतं. जिल्ह्याजिल्ह्यात पहिल्या दिवसापासून कोर्ट चालू ठेवलं असतं, निजामाचेच मुन्सफ बसवून, बाहेरचे नाही. मेलेल्यांची नोंद गावच्या चावडीवर घेतली असती, रझाकारांनी मारलेले आणि नंतर मारले गेलेले, दोन्ही एकाच वहीत. आणि ती वही छापली असती. पण हे मी आज बोलतो, पंख्याखाली बसून. तेव्हा वहीत लिहायला कुणी आलं असतं का, आणि आलेल्याला रात्री घरी सुखरूप पोचवायला परत फौजच लागली असती का, याचं उत्तर मला येत नाही. तुम्हाला?

गुरुजी : नाही. आमच्या गल्लीत एक वाडा होता. अत्तर विकणाऱ्यांचा. वडील लहानपणी त्यांच्या ओसरीवर खेळायचे, त्यांच्याकडची म्हातारी ईदला शीरखुर्मा द्यायची. चाळीतून घरचे परतले तेव्हा तो वाडा बंद होता. पुढं कधीतरी मागची भिंत पडली. आता त्या जागेवर ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी आहे.

सुभेदार : ते लोक कुठं गेले?

गुरुजी : वडिलांनी सांगितलं नाही. ते जाईपर्यंत मी विचारलं नाही.